अप्पांचा डबा फेकू नका, आधी उघडा

पत्र

ताई, आम्ही नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. घरात मी, माझे मिस्टर, सासरे आणि साडेतीन वर्षांची मुलगी. सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणतो. गेली आठ-नऊ वर्षं अप्पांनी घरातला एकही संपलेला सेल कचऱ्यात टाकू दिलेला नाही. सगळे सेल फरसाणाच्या एका पत्र्याच्या डब्यात जातात आणि तो डबा गॅलरीत, वॉशिंग मशिनच्या मागे असतो. रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळाचे, खेळण्यांतले बारीक चपटे सेल, जुन्या मोबाइलच्या दोन बॅटऱ्या, मागच्या वर्षी फुगलेली पॉवर बँक, सगळं त्यातच. आता तो भरला आणि दुसरा सुरू झालाय. मिस्टर म्हणतात, सकाळी घंटागाडीत रिकामा करून ये, अप्पांना कळणारही नाही. न्यू जर्सीचे माझे दीर म्हणतात, आमच्याकडे साधे सेल सरळ कचऱ्यातच टाकतात. अप्पा म्हणतात, मी असेपर्यंत नाही. त्यांनी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे या विषयावर त्यांच्याशी बोलायची सोय नाही. भंगारवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, इन्व्हर्टरची असेल तर द्या, हे नको. नेमकं करायचं काय?

नेरूळची सून

उत्तर

सूनबाई,

तुमचं पत्र वाचताना मी दोन ठिकाणी अडखळले. एकदा ‘फुगलेली पॉवर बँक’ इथे आणि एकदा ‘साडेतीन वर्षांची मुलगी’ इथे. कोण बरोबर नि कोण चूक ते मागाहून बघू. आज संध्याकाळी अप्पांचा चहा झाला की त्यांना सोबत घेऊनच तो डबा उघडा. त्यांच्या पाठीमागे नको. आठ-नऊ वर्षं सांभाळलेली वस्तू आपण झोपेत असताना नाहीशी झाली, हे कळल्यावर घरात जे वातावरण होईल, ते तुम्हालाच निस्तरावं लागेल. मिस्टर ऑफिसला गेलेले असतील.

मुलीला तासभर शेजारी पाठवा. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरा, हातात भांडी घासायचे रबरी मोजे घाला, आणि डबा धाडकन उपडा न करता एकेक वस्तू बाहेर काढा. सगळ्यात आधी पॉवर बँक.

ती का फुगली, ते थोडं सांगते, म्हणजे भीती नेमकी कशाची बाळगायची हे कळेल. पॉवर बँक, मोबाइल, लॅपटॉप, बिनतारी इअरफोन या सगळ्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. आत धातूच्या पातळ पट्ट्या एकमेकींवर गुंडाळलेल्या असतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अगदी झिरझिरीत पडदा असतो. त्यांत मुरलेला द्रव पेट घेणारा असतो. बॅटरी म्हातारी झाली, जास्त चार्ज झाली, उन्हात तापली की त्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पाकीट फुगतं. फुगलेल्या बॅटरीला टोचलं, दाबलं, वाकवलं आणि तो पडदा फाटला, तर दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात. मग उष्णता, उष्णतेने आणखी विघटन, त्यातून आणखी उष्णता. हे एकदा सुरू झालं की बाहेरून थांबवणं कठीण असतं, आणि निघणारा धूर विषारी असतो.

आता तुमच्या गॅलरीचा विचार करा. दुपारचं ऊन, मशिनची थरथर, पत्र्याचा डबा आणि त्यात चहूबाजूंनी धातूची टोकं. अप्पांनी मुद्दाम शोधूनही याहून वाईट जागा सापडली नसती. हे त्यांना माझं नाव सांगून खुशाल सांगा.

मी काही फार शहाणी आहे असं नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या टेबलाचा खालचा खण उघडेना. ठाण्यातला जुलै, लाकूड दमटपणाने फुगलंय असं धरून मी तीन आठवडे तो खण हिसडत होते. शेवटी सुताराने उघडला तर आतल्या जुन्या मोबाइलची पाठ पुरी-सारखी वर आली होती आणि तोच खणाला अडकत होता. मी तीन आठवडे नेमक्या त्याच वस्तूला धक्के देत होते. रसायनशास्त्र शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, हेही सांगून टाकते.

तर पॉवर बँक आणि मोबाइलच्या त्या दोन बॅटऱ्या अलगद उचला. चालते का बघू, म्हणून चार्जिंगला लावू नका. बॅटरीची उघडी धातूची टोकं चिकटपट्टीने झाका. मग एका मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घ्या, त्यात त्या एकमेकींना न लागतील अशा ठेवा आणि वरून वाळू पसरा. घट्ट झाकण लावू नका. कुंडी सावलीत, पडद्यांपासून आणि गॅसपासून दूर, मुलीचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. ही सोय चार दिवसांची आहे, चार महिन्यांची नाही. त्या आधी कधी धूर, फुसफुस किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर शूरपणा करायचा नाही. माणसं बाहेर, दार बंद, १०१ ला फोन.

घंटागाडीचं उत्तरही यातच आलं. कचऱ्याच्या गाडीत कचरा दाबला जातो. त्या दाबाखाली फुगलेली पॉवर बँक आणि आजूबाजूला सुका कागद-प्लॅस्टिक, म्हणजे मिस्टरांच्या योजनेत आग तुमच्या गॅलरीतून उठून सफाई कामगाराच्या पाठीशी जाऊन बसते. कधी गाडीत, कधी वर्गीकरणाच्या ठिकाणी, कधी तुर्भ्याच्या क्षेपणभूमीवर. अप्पांना कळणार नाही हे खरं. ज्याला कळेल तो आपल्या ओळखीचा नसतो, एवढंच.

दुसरी गोष्ट मुलीची. डब्यात जे चपटे, चकचकीत बटण सेल असतील ते वेगळे काढा आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळा. कंटाळवाणं काम आहे, तरी एकही सोडू नका. त्यातला सगळ्यात घातक म्हणजे सीआर २०३२. या आकड्याचा अर्थ सोपा आहे, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकेल असा हा आकार आहे. तिथे ओलावा मिळाला की सेलमधून वीज वाहायला लागते आणि ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते, ड्रेनेज साफ करायच्या पावडरीच्या जातीची. दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. सेल फुटावा लागत नाही, आणि ‘संपलेला’ आहे याने फरक पडत नाही. वजनकाटा चालवायला कमी पडणारी वीज अन्ननलिका जाळायला पुरते.

मुलं सांगत नाहीत, आणि लक्षणं सर्दी-खोकल्यासारखी दिसतात. लाळ गळते, खायला नको म्हणतात, खोकतात. गिळल्याचा नुसता संशय असला तरी ओकारी काढायला लावू नका, केळं किंवा भाताचा गोळा भरवून ‘खाली ढकलू’ नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि दारातच ‘सेल गिळलाय, एक्स-रे काढा’ असं स्पष्ट सांगा. गाडी नसेल तर १०८. एक वर्षाच्या वरच्या मुलाला, गिळून बारा तासांच्या आत असेल आणि गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा, असं विषबाधेच्या तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. मधाने सेलभोवती लेप बसतो आणि भाजणं थोडं मंदावतं. मात्र मध शोधायला दुकानात थांबायचं नाही. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तर कुठलेही थेंब न टाकता तसंच डॉक्टरांकडे न्यायचं.

हे सेल घरात कुठे कुठे आहेत ते अप्पांनाच शोधायला सांगा, त्यांना आवडेल. गाडीची रिमोट किल्ली, वजनकाटा, ताप बघायचं थर्मामीटर, दिवाळीतल्या प्लॅस्टिकच्या लुकलुकत्या पणत्या, दिवा लागणारी राखी, गाणं म्हणणारी पुस्तकं, गणपतीच्या आरासीतल्या बारीक माळा. ज्या वस्तूच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही, ती मुलीच्या खेळण्यात नको. पणत्यांचा मला विशेष राग आहे. तळाचं झाकण नखाने उघडतं, पणती दहा दिवस लागते आणि पुढे वर्षभर देवघराच्या खणात, नेमकी मुलाच्या उंचीवर पडून राहते.

हे दोन ढीग बाजूला काढलेत की खरी घाई संपली. बाकीचा डबा अप्पा आणखी सहा महिने सांभाळू शकतात.

त्यात चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी आहे का पाहा, माइकमध्ये किंवा मल्टिमीटरमध्ये असते ती. तिची दोन्ही टोकं एकाच अंगाला, शेजारीशेजारी असतात. त्यावर एखादा सेल, किल्ली किंवा नाणं आडवं पडलं की वाट पूर्ण होते आणि बॅटरी तापते. तिची टोकं चिकटपट्टीने बंद करा. अप्पांची खरी चूक इथे आहे. त्यांनी साठवलं यात काही बिघडलं नाही, पण एकत्र साठवलं, आणि तेही पत्र्यात. आता प्लॅस्टिकच्या तीन बरण्या करा. एकीत साधे सेल, एकीत बटण सेल, एकीत चार्ज होणारे. पत्र्याचा डबा यापुढे नाही.

आता साध्या सेलबद्दल, म्हणजे ज्यावरून तुमच्याकडे भांडण पेटलंय त्याबद्दल. गंमत अशी की सगळ्या डब्यात सर्वांत कमी घाईची वस्तू हीच आहे. तुमच्या दिरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी संपलेले अल्कलाइन सेल घरच्या कचऱ्यात टाकायला मुभा आहे, कॅलिफोर्नियात मात्र नाही. पूर्वी या सेलमध्ये पारा असायचा, तो उत्पादकांनी काढून टाकला. आपल्याकडेही २०२२ च्या नियमांत पाऱ्याची कमाल मर्यादा वजनाच्या ०.०००५ टक्के एवढी ठेवली आहे. आतमध्ये मुख्यतः जस्त, मँगनीज डायऑक्साइड आणि एक क्षार. शिसं किंवा कॅडमियमच्या तोडीचं विष नव्हे.

पण दीर न्यू जर्सीला राहतात आणि तुम्ही नेरूळला. आपला कायदा वेगळा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या ‘घरगुती घातक कचऱ्यात’ धरल्या, जुन्या औषधांच्या आणि ट्यूबलाइटच्या रांगेत. ओल्यात नाही, सुक्यातही नाही. पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचऱ्याचे स्वतंत्र नियम आले. त्या आधीचे २००१ चे नियम फक्त शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. नव्या नियमांत सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या आल्या, त्या गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आली, आणि बॅटरी जमिनीत पुरायला किंवा जाळायला मनाई झाली. ग्राहकावर एकच काम सोपवलं, बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यायची. नव्या पाकिटावर चाकांची कचरापेटी आणि तिच्यावर फुली असं चित्र दिसेल. त्याचा अर्थ हाच.

तेव्हा कायद्याने अप्पा जिंकले. मिस्टरांना हे सांगताना फार आनंद चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

अप्पांच्या हट्टामागे कंपनीतली तीस वर्षं आहेत असं तुम्ही म्हणता, तर एकदा त्यांना त्याबद्दल निवांत विचारा. त्या पट्ट्यात काम केलेल्या माणसांनी नाल्याचं पाणी वेगवेगळ्या रंगांचं पाहिलेलं असतं. कारखान्यातून निघालेलं काही ‘नाहीसं’ होत नाही, ते फक्त खाडीकडे सरकतं, हे त्यांना पाठ असतं. तळोज्याला घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारं केंद्र कशासाठी उभं राहिलं, हे ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांना आपल्या घरातून त्यात भर घालायची नसेल. बोलायची सोय नाही असं तुम्ही लिहिलंत, ते बहुधा सेल फेकायच्या मुद्द्यावर बोलल्यामुळे.

भंगारवाल्याचं उत्तर मला फार आवडलं. त्या एका वाक्यात सगळं अर्थशास्त्र आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसं असतं, शिशाला भाव आहे, म्हणून ती रस्त्यावर पडलेली तुम्हाला कधीच दिसणार नाही. लॅपटॉप-मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट, निकेल, तांबं, लिथियम असतं. ती दळून जी काळी पूड निघते तिच्यातून हे धातू परत मिळवतात, म्हणून तिलाही गिऱ्हाईक आहे. घड्याळाच्या काही बटण सेलमध्ये चांदीचं संयुग असतं. आमच्या नौपाड्यातले एक जुने घड्याळजी काढलेले सेल काचेच्या बाटलीत जमवायचे, ते काही पर्यावरणासाठी नव्हे. राहिला बिचारा पेन्सिल सेल. त्यातून जस्त, मँगनीज आणि पोलाद निघतं खरं, पण गोळा करून, निवडून, फोडून काढायचा खर्च मिळणाऱ्या मालापेक्षा जास्त पडतो. त्यामुळे तो कुणालाच नको असतो. ज्याला बाजार उचलत नाही, त्याच्यासाठीच कायदा लागतो.

म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी तरी भंगारात द्यावी का? तुमच्याकडे असेल तर नको. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि किमतीत वजावट देतो, तिथेच द्या. भंगारात गेलेली कधी कधी हातोड्याने फुटते, ॲसिड गटारात जातं आणि शिसं उघड्या भट्टीवर वितळतं. ज्या वस्तीत हे चालतं तिथल्या मुलांच्या अंगात ते शिसं जातं. लहान मुलाच्या रक्तात शिसं इतकं चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन-तीनशे रुपये जास्त मिळाले तरी नकोत.

आता द्यायचं कुठे. फुगलेल्या पॉवर बँकेसाठी आधी त्या कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करा. ‘फुगलेली आहे’ हे आधीच सांगा, कारण काही ठिकाणी तशी घेत नाहीत आणि तुम्ही तिथवर जाऊन ती परत घेऊन येणं हे सगळ्यात वाईट. कुरियरने पाठवू नका. हार्बर लोकलच्या गर्दीत पर्समध्ये घालून तर नकोच. छोट्या डब्यात वाळू घालून, हातात धरून, रिक्षाने न्या. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत ई-कचऱ्याची पेटी ठेवलेली असते, तिथे मोबाइलच्या बॅटऱ्या आणि बहुतेक वेळा साधे सेलही चालतात. तेही विचारूनच जा.

महापालिकेचा रस्ता थोडा लांबचा आहे, पण तो तुमचा हक्क आहे. घरगुती घातक कचऱ्यासाठी शहरात दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक संकलन केंद्र हवं, असं २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं. नवी मुंबई महापालिकेचं क्षेत्र सुमारे १०९ चौरस किलोमीटर, म्हणजे हिशेबाने सहा केंद्रं. नेरूळ विभाग कार्यालयात जाऊन स्वच्छता निरीक्षकांना आपल्यासाठी कुठलं केंद्र आहे ते विचारा. तोंडी नको, सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून द्या आणि पोचेचा शिक्का घ्या. हे काम अप्पांना द्या. निवृत्त माणूस, हातात अर्ज, खिशात पोच, आणि मुद्दा पूर्णपणे बरोबर. समोरच्या साहेबाची मला आत्ताच दया येते.

सोसायटीतून एकत्र दिलं तर काम सोपं होतं. पुनर्प्रक्रिया करणारे दोन किलोंसाठी टेम्पो पाठवणार नाहीत, पण पन्नास घरांचे सेल, चार्जर, जुने मोबाइल, मेलेले माउस असा ढीग असेल तर येतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी दिलेल्यांची यादी असते, त्यातलेच बोलवा. महापे-तुर्भे-तळोजा या पट्ट्यात राहण्याचा एवढा तरी फायदा घ्यावा. आलेल्या माणसाला मंडळाचं परवानगीपत्र मागा आणि किती किलो नेलं त्याची पावती घ्या. हे दोन्ही द्यायला तो कुरकुरला तर तो भंगारवाला आहे, फक्त इस्त्रीचा शर्ट घातलेला. आणि वॉचमनच्या केबिनमध्ये पेटी ठेवणार असाल तर तीत फक्त साधे सेल. फुगलेल्या बॅटरीशेजारी त्या माणसाने रात्र का काढावी?

डब्यात काही सेल पांढऱ्या भुकटीने माखलेले असतील. तो गळलेल्या अल्कलाइन सेलमधला क्षार, हवा लागून सुकलेला. मोजे न घालता हात लावू नका, डोळ्यांजवळ नेऊ नका, गळके सेल छोट्या पिशवीत वेगळे बांधा. रिमोटच्या पट्टीवर तो बसला असेल तर कानकोरणीच्या कापसावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग कोरड्या फडक्याने. स्वस्तातल्या साध्या सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथे लिंबू उपयोगी नाही, खायचा सोडा पाण्यात कालवून लावा. सेलवर ‘अल्कलाइन’ छापलंय का ते बघून ठरवायचं.

हे वाचून अप्पा म्हणतील, आमच्या लहानपणी असली थेरं नव्हती. खरंच नव्हती. तेव्हा ‘बॅटरी’ म्हणजे टॉर्च, आणि आतले ते सेल. संपलेले सेल आम्ही दुपारी गच्चीत उन्हात ठेवायचो आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता ट्रान्झिस्टर परत बोलायचा. उष्णतेने आतली क्रिया जरा वेग घ्यायची आणि विश्रांतीने सेल थोडा सावरायचा, म्हणून ते जमायचं. अगदीच मेलेला सेल दगडाने फोडून आतली कार्बनची कांडी काढायची नि तिने फरशीवर रेघा मारायच्या. काळी भुकटी पाल्याच्या रसात कालवून आमच्या शाळेचा फळा रंगवलेला मला आठवतो, हात दोन दिवस काळे होते. तेव्हा वर्षाला घरात चार सेल यायचे. आज तुमच्या दिवाणखान्यातच मोजा, वीसच्या खाली निघायचे नाहीत, आणि त्यांतला एकही दगडाने फोडण्यासारखा नाही.

कमी सेल संपावेत यासाठी एक-दोन गोष्टी. मुलीच्या चालणाऱ्या-बोलणाऱ्या खेळण्यांना चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घ्या. ते १.२ व्होल्टचे असतात, १.५ चे नाही, पण खेळण्यांना बहुधा चालतं आणि शेकडो वेळा भरता येतात. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधाच सेल बरा. रिमोटने नाकारलेला सेल घड्याळात घालून पाहा, त्याला इतकी थोडी वीज लागते की आणखी काही महिने सहज निघतात. मे महिन्यात गावी जाताना रिमोट आणि खेळण्यांतले सेल काढून ठेवा. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका, जुना लवकर गळतो.

मिस्टरांना आज एवढंच काम द्या, पॉवर बँकेच्या कंपनीला फोन. अप्पांना तीन बरण्या, चिकटपट्टी आणि लेबलं लिहायला जाड पेन. आणि तो फरसाणाचा डबा कितीही घासून लख्ख झाला, तरी दिवाळीत त्यात चकल्या भरू नका.